जांभळे दात

"पुढच्या खेपेला दात स्वच्छ नसतील तर तारा काढून टाकणार. अर्धवट तर अर्धवट," असं दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बजावलं होतं. लेकीच्या हिरड्या सुजलेल्या, ब्रश लागला की रक्त, आणि तारेच्या कडेने दातांवर पांढरेफटक डाग पडू लागलेले. असंच चाललं तर तारा निघाल्यावरही ते कायमचे राहणार होते. त्या दिवसापासून मी बाथरूमच्या दाराला कान लावून उभी राहत होते. लेक रोज खसाखसा दात घासते, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्यामुळे आज मी दवाखान्यात ताठ मानेने शिरले.

डॉक्टरीणबाईंनी तिला एक गोळी चावायला दिली. "जिथे घाण, तिथे रंग चिकटतो," म्हणाल्या. लेकीने चूळ भरली आणि ओठ फाकवले. सगळे दात जांभळे! प्रत्येक क्लिपेभोवती, हिरडीच्या कडेला, तारेखाली.

"शाई प्यायलीस की काय?" तिच्या बाबांनी विनोद केला. ह्या माणसाला विनोदाशिवाय अन्न पचत नाही. कोणी हसलं नाही.

"खोटारडे!" मी भर दवाखान्यात ओरडले. "मग आत इतका वेळ काय करत होतीस? नळाशी गप्पा?"

"घासत होते गं आई. शपथ."

डॉक्टरीणबाईंनी तारा काढायची पक्कड उचललीच होती. त्या थांबल्या. "घरी घासतेस तशीच घासून दाखव," म्हणत त्यांनी तिला बेसिनपाशी उभं केलं.

लेकीने ब्रश घेतला, आरशाकडे पाठ केली, डोळे गच्च मिटले आणि घासू लागली. ब्रश दातांच्या टोकांवरून नुसता धावत होता. हिरडीकडे, तारेच्या आत तो फिरकतही नव्हता.

मी हादरलेच. "अगं, आरशात बघ की!"

"नाही बघायचं मला." तिने फेस थुंकला. "बाबा रोज म्हणतात ना, तारेचं कुंपण हसलं, कुंपण रुसलं. मला नाही बघायचं ते. तारा लावल्यापासून मी बघितलेलंच नाही."

वर्ष होऊन गेलं होतं! वेणीसुद्धा ती माझ्याकडूनच घालून घ्यायची, आणि मला वाटायचं, पोरगी लाडात आलीय. मी खाऊ का गिळू अशा नजरेने नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "अगं, मी आपलं लाडानं..." म्हणत ते खुर्चीत बसले.

डॉक्टरीणबाईंनी पक्कड ठेवून दिली. "एक महिना देते," म्हणाल्या. मग बाटली धुवायच्या ब्रशसारखा, पण इवलासा ब्रश तिच्या हातात दिला आणि खांदे धरून तिला वळवलं. "जांभळं दिसेल तिथे हा तारेखालून फिरवायचा. न बघता कसं जमेल, बाळा? उघड डोळे."

तिने आधी एक उघडला, मग दुसरा. ते रंगलेलं तोंड बघून आता ही रडणार, म्हणून मी पुढे झाले. पण ती आरशाच्या अगदी जवळ गेली, वरचा ओठ बोटाने उचलला आणि बघतच राहिली. पुढचे दोन दात एकावर एक चढलेले, एवढंच तिला आपल्या तोंडाबद्दल माहीत होतं.

"आई," ती म्हणाली, "हे सरळ कधी झाले?"