क्रियापदानंतरची कोरी जागा

नव्या रायपुरातल्या निवासी शाळेत एकच जागा उरली होती आणि स्पर्धेत दोनच मुलं. शेखरचं उत्तर नुकतंच चुकलं होतं आणि तो खाली बसला होता. आता रीनाचं बरोबर आलं तर जागा तिची, नाहीतर रीनाही बाद.

परीक्षकांनी फळ्यावर इंग्रजीत वाक्य लिहिलं. गाडी स्टेशनवर पोचली, एवढंच. ‘अराइव्ह्ड’च्या पुढची जागा मात्र कोरी सोडली.

तिसऱ्या रांगेत रीनाच्या शिकवणीच्या मीराबाई खुर्चीच्या कडेला सरकल्या. रेल्वेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या ब्राह्मणपारा वस्तीत घरच्या ओट्यावर पोरांना शिकवत. रीना नेमकी इथंच चुकायची. घरात ‘स्टेशनवर’ म्हणतात, म्हणून ‘ऑन’ लिहायची. बाई रागवत नसत. भुवई जराशी वर करायच्या, की पोरगी पुसून ‘अ‍ॅट’ लिहायची.

रीनानं खडूनं ‘ऑन’चं पहिलं अक्षर काढलं आणि मान वळवून थेट बाईंकडे पाहिलं.

बाईंना एकदम उमगलं. पोरगी इंग्रजी शिकलीच नव्हती. आपली भुवई वाचायला शिकली होती! आत्ता भुवई हलवली तर कोणाला कळणार? पण त्या शाळेत ही कोणाच्या तोंडाकडे बघणार? आणि शेखरला तर कोणी खूण केली नव्हती, त्यानं काय पाप केलं होतं?

बाई खुर्चीतच वळल्या. फळ्याकडे पाठ करून बसल्या.

शेजारी रीनाचे वडील धम्मदीप कुजबुजले, “बाई, हे काय? पोट्टी तुमच्याकडेच पाहून राहिली ना!”

“म्हणूनच.”

“रडून देईल पोट्टी!”

“रडू दे. तू गप बस.”

पाठीमागून फळा पुसण्याचा आवाज आला. मग काहीच नाही. बाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. शेवटी खडू कुरकुरला.

“पक्का?” परीक्षकांनी विचारलं.

“हव, पक्का.”

“सही है.”

टाळ्या कडाडल्या. धम्मदीप उडीच मारून उठले. बाई मात्र बसल्या जागीच परत फळ्याकडे वळल्या.

रीना आली ती डोळे भरून, लालबुंद होऊन. “मुँह क्यों फेर लिया, बाई? कितना डर गई थी मैं!”

“मग केलं काय तू?”

“मन में सब बोल के देखा. जो ठीक लगा, वो लिखा.”

“कोणाले विचारून?”

“किसी को नहीं!”

बाईंनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. रीना बाजूला सरली आणि बापाला जाऊन बिलगली. बाईंनी तो हात परत मांडीवर ठेवला.