पूजेआधीचं पाणी

चांदीची डबी तळहातावर अजून कोमट होती, आणि बसम्मा गेली… छे, गेली कुठे! तसं कोणी म्हणालंच नव्हतं. आतून नर्स कडूबाई एवढंच ओरडली होती, "दाब उतरला, नाडी लागंना!" आणि ते आपण ऐकलंच नाही, असं वीरुपाक्षने ठरवून टाकलं होतं; जणू तो परभणीच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात नुकताच येऊन बसलेला, अगदी ताजा माणूस होता.

डबीत बायकोचं, बसम्माचं इष्टलिंग, तिचा रोजच्या पूजेचा देव. लग्न झाल्यापासून पूजेच्या वेळेखेरीज गळ्यातून न उतरलेलं, आज पोट फाडून बाळ काढायचं म्हणून उतरवलेलं. त्याच्या गळ्यात त्याचं होतंच — म्हणजे एका माणसापाशी देव दोन आणि आत टेबलावर एकही नाही… वाटणीत काहीतरी गफलत झाली होती.

"पोट रिकामं आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं होतं. "एकदम रिकामं, साहेब," तो म्हणाला, बक्षीस मिळाल्यासारखा. मग तिच्या पाठीच्या कण्यात भुलीची सुई दिली, उताणी निजवली, दार लागलं.

पाण्याचं कोणी विचारलंच नाही. लिंगाच्या पूजेआधी पाणी प्यायचं नाही. आणि काल पहाटेपासून कळा, म्हणून पूजा नाही. आज पाथरीहून येताना मोटार विहिरीपाशी थांबली — इंजिन गटागटा पाणी पीत होतं, त्याला पूजा नव्हती — तेव्हा बसम्मा ओठ चाटत म्हणाली, "अवो, जीव वाळायलाय. हितंच करू का पूजा?" तळहातावर लिंग, चिमूटभर भस्म, ओंजळभर पाणी, तेवढंच काम. आणि त्याने मोटारीतल्या लोकांकडे पाहिलं, तेलकट सीटकडे पाहिलं… "हितं? जरा दम धर."

दार किलकिलं झालं. "पाणी कवा पेली ही?" कडूबाईने विचारलं.

"कालपासून थेंब न्हाई!" त्याची आई गौराबाई छाती काढून म्हणाली. "माझी सून लय कडक हाय."

"काय कडक, मावशी! कोरडी ठणठणीत बाई, त्यात कमरंत सुई… रगत समदं पायात उतरलं. कुशीवर कलती केलीय, आता शिरंतून पाणी सोडायलोत."

दार लागलं. "पूजेआधीच?" गौराबाई पुटपुटली, आणि मग तिलाच काय ते उमगून तिने पदर तोंडाशी नेला.

वीरुपाक्षला हसू यायला हवं होतं. समोर माठ होता, काठोकाठ भरलेला, वर पेला पालथा. मुठीतली डबी गार होत चालली होती — आणि आता मात्र त्याला सगळं ऐकू येत होतं, आतली भांडी, पावलं, आणि न रडणारं कोणीतरी. कापडाच्या परवान्यासाठी तहसिलीत अर्ज करकरून त्याला देवाशीही दुसऱ्या भाषेत बोलता येईना:

अर्जदार वीरुपाक्ष, कापडवाला, राहणार पाथरी, अदबीने अर्ज करतो की, आज सकाळची मोटार त्याच विहिरीपाशी पुन्हा उभी करण्याचा हुकूम व्हावा; लोकांनी थोडा वेळ तोंडं फिरवून बसावं; आणि इंजिनाचं पिऊन झालं की उरलेल्यातला एक तांब्या अर्जदाराच्या बायकोस मिळावा. अर्जदाराची हरकत नाही.