मालकांच्या वाट्याची अंडी

मी मूत्रपिंड बोलतोय. डावं. उजव्या भावाला आताशा बोलायचंही त्राण उरलेलं नाही, म्हणून दोघांच्या वतीने मीच तोंड उघडतो. आणि स्पष्टच सांगतो, मी पुरता वैतागलोय.

जन्मापासून आमचं काम एकच. मालकांचं रक्त गाळायचं, उपयोगाचं ठेवायचं, घाण बाहेर काढायची. त्रेचाळीस वर्षांत एक सुट्टी नाही, पण त्याची तक्रारही नाही. मालक भंगारवाले. माणूस कष्टाळू, फक्त घाईचा. जुन्या वायरीतली तांब्याची तार काढायला त्यांच्याकडे सोलायचं चांगलं यंत्र आहे. त्यावर ते जेवणाचा डबा ठेवतात! सोलत कोण बसतो, काडी लावली की अर्ध्या तासात तार मोकळी, म्हणून वायरी पिंपात पेटवतात. नाकाला ओला रुमाल बांधला की झाली खबरदारी.

बायकोने धुरावरून कटकट केली, तेव्हा त्यांनी पिंप हलवलं. कुठे, तर कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी. धूर घरात येईना म्हणून मालक खूश. राख मातीत, ती माती कोंबड्यांच्या चोचीत, आणि रोज सकाळी दोन उकडलेली अंडी मालकांच्या पोटात. रुमाल बिचारा नाकावरच.

अशा जळक्या प्लास्टिकमधून डायॉक्सिन नावाचं विष निघतं. आता माझ्या पेशीपेशीत एक दारवान असतो, शास्त्रातले लोक त्याला ग्राही म्हणतात. अनोळखी कोणी आत शिरलं की त्याला धरून थेट केंद्रकात न्यायचं आणि हुकूम सोडायचा, सफाईवाले पाठवा. एरवी हे बरं चालतं. सफाईवाले येतात, पाहुण्याचे तुकडे करतात, दारवान परत जागेवर बसतो. पण डायॉक्सिनचे तुकडे काही होत नाहीत. ते चरबीत दडून वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं, अगदी घरजावई. दारवान मात्र हुकूम सोडतच राहतो. सफाईवाल्यांची ही गर्दी होते, त्यांच्या झटापटीत ठिणग्या उडतात आणि भाजतात माझ्याच भिंती. तिथे व्रण धरतात, गाळायची जाळी विरते, रक्तातली प्रथिनं लघवीतून वाहून जातात. खरं सांगू, विषापेक्षा मला त्या दारवानाचाच जास्त संताप येतो. नको तिथे कसलं आलंय इमान!

लघवीला फेस येऊ लागला, तेव्हा मालक म्हणाले, अंड्यांची ताकद आहे. पुढे पाय सुजले, चप्पल चढेना, मग बायकोने ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी साखर विचारली, रक्तदाब विचारला, दुखण्याच्या गोळ्या विचारल्या. काम काय करता, तर म्हणे धंदा. बायको पिंपाचं सांगणार, तोच यांनी तिच्याकडे डोळे वटारले. बाहेर आल्यावर म्हणाले, एवढ्यातेवढ्यासाठी डॉक्टरांचा वेळ कशाला घ्यायचा?

दोन्ही मूत्रपिंडं निम्म्यावर आलीत, डॉक्टर म्हणाले. प्रथिनं कमी करा, अंडी तर बंदच. मला हायसं वाटलं. चुकीच्या कारणाने का होईना, एक वाट बुजली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी सवयीने ताटलीकडे हात नेला आणि मागे घेतला. समोर सहा वर्षांची लेक बसली होती. लाडाने तिला ठमी म्हणतात.

"अगं, दोन्ही हिलाच दे," ते बायकोला म्हणाले. "माझं तर बंद झालं. पोरीला तरी ताकद येऊ दे."

"रोज?"

"रोज. माझ्या वाट्याची तिलाच."

मालकांच्या त्या मायेवर मला चिडताही येईना.

ठमीची मूत्रपिंडं अजून तिच्या इवल्याशा मुठीएवढी आहेत. तिथेही पेशीपेशीत दारवान बसलेत, ताजेतवाने, हुकमाला तयार. मालकांशी बोलायची मला एकच रीत येते, पाय सुजवायची, आणि ती त्यांना कळत नाही. तुम्हाला माझं ऐकू येतंय ना? मग माझं राहू द्या. त्यांच्या घरी जा, ते पिंप विझवायला सांगा, आणि आधी पोरीच्या हातातलं अंडं काढून घ्या.