दोन मतदारांचं मंडळ

मे महिन्यातल्या त्या निवडणुकीत मतदार होते दोन. दोघं एकाच ट्रेलरात, म्हणजे चाकांवरच्या घरात राहत होते, एकाच पलंगावर झोपत होते, आणि मतदान केंद्र त्यांच्या दारापुढच्या ताडपत्रीखाली होतं. तरी कायद्याप्रमाणे सकाळी सात ते संध्याकाळी सात केंद्र उघडं ठेवायचं होतं, आणि मी ते ठेवलं. केंद्राध्यक्ष मी होते.

हसू येत असेल तर हसून घ्या. आमच्याकडे असंच चालतं. लॅनी प्रुइटने बापाच्या कुरणावर पाच हजार घरं बांधायचं ठरवलं. ऑस्टिनच्या विधानसभेने त्याला एक पाणीपुरवठा मंडळ मंजूर करून दिलं. मंडळ उभं राहिलं की कर्जरोखे निघतात, खोल बोअर मारता येतात, नळ टाकता येतात, आणि हे सगळं फेडायचं ते पुढे घरं घेणाऱ्यांनी. अट एकच होती. मंडळाच्या हद्दीत राहणाऱ्या मतदारांनी हो म्हणायला हवं. हद्दीत गायी होत्या, मतदार नव्हते. म्हणून लॅनीने एक जुना ट्रेलर ओढून आणला, त्यात एक नवराबायको आणून ठेवले आणि त्यांची मतदार म्हणून नोंदणी करवून घेतली. भाडं नाही, आणि मंडळ झालं की नवऱ्याला पंपघरात कायमची नोकरी.

माझं घर कुंपणाच्या अलीकडे. कुंपण हीच हद्द, त्यामुळे मला मत नाही. पण जमिनीखालच्या पाण्याला कुंपण नसतं. माझी बोअर एरविनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आमचं लग्न झालं त्या वर्षी मारली. एरविन गेला, बोअर अजून चालते आहे. रस्त्यापलीकडे हॉफमन नावाच्या शेतकऱ्याच्या शेजारी अशीच वसाहत झाली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात त्याची बोअर आटली. त्याने गायी विकल्या आणि लेकीकडे डॅलसला गेला. तिथे तो दिवसभर टीव्ही बघतो. माझी बोअर आटली तर मलाही जावं लागेल, आणि मला कुठेही जायचं नाही.

काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या बैठकीत मी जाऊन बोलले होते. तिथे माणशी तीन मिनिटं मिळतात. पाचही सदस्यांनी माझं फार आदराने ऐकून घेतलं आणि यात आमच्या हातात काहीच नाही म्हणून सांगितलं. माझ्यानंतरचा माणूस कुत्र्यांबद्दल बोलला. त्याचंही त्यांनी तितक्याच आदराने ऐकलं.

मग लॅनीच्या वकिलांचा फोन आला, केंद्राध्यक्ष व्हाल का म्हणून. आमच्या अग्निशमन ठाण्यातल्या मतदान केंद्रावरची प्रत्येक निवडणूक गेली कित्येक वर्षं मीच सांभाळत आले आहे आणि माझ्या केंद्रावर कधी कुणाला बोट ठेवता आलेलं नाही. मी फुशारले आणि हो म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आता या विषयावर माझ्या तोंडाला कुलूप. अध्यक्षाने कुठल्याही बाजूचा शब्द काढायचा नाही. वकील मूर्ख नव्हते. मूर्ख मी होते.

ट्रेलरातल्या जोडप्याचं नाव डस्टिन आणि मारिसेला. तो टायरच्या दुकानात कामाला होता. अंगाने धिप्पाड आणि स्वभावाने इतका भिडस्त की दारात उभा राहिला तर आत ये म्हणेपर्यंत टोपी हातात धरून असायचा. ती त्याच्याहून हुशार आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. लग्नापासून ते तिच्या भावाकडे सेगीनला एका खोलीत राहत होते. हे त्यांचं पहिलं स्वतःचं दार. मारिसेलाने त्या गंजक्या ट्रेलरला पिवळे पडदे शिवून लावले होते.

ट्रेलरला पाणी टँकरने यायचं होतं. टँकर कधी यायचा, कधी यायचा नाही. तिसऱ्या दिवशी डस्टिन कुंपणापाशी बादली घेऊन उभा राहिला, तेव्हा मी बागेची लांब नळी कुंपणावरून पलीकडे टाकून दिली आणि सांगितलं, लागेल तेव्हा नळ सोडत जा. तेव्हा मी अजून अध्यक्ष नव्हते. नंतर झाले, म्हणून काय नळी ओढून घ्यायची? पाणी चालू राहिलं आणि तोंड बंद राहिलं.

मतदानाच्या दिवशी पहाटे मी ट्रेलरच्या दारापासून शंभर फूट मोजले. त्या रेषेच्या आत प्रचार करायचा नाही, हा नियम. कुंपण ओलांडून फीत गेली ती थेट माझ्या पंपाच्या शेडपर्यंत. तिथे मी नारिंगी झेंडी रोवली. हाताखाली क्लार्क म्हणून वकिलांच्या ऑफिसातली शेरिल नावाची बाई आली होती. तिने बरोबर पंखा आणला होता, आणि तो दिवसभर तिने स्वतःकडेच वळवून ठेवला.

सात वाजता डस्टिन कामाला जाता जाता आला. टोपी काढली, सही केली, पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेला आणि लगेच बाहेर आला. मतपत्रिका पेटीत टाकली. माझ्याकडे बघून लाजल्यासारखं हसला आणि ट्रक काढून गेला. मला वाटलं, झालं. एवढ्या चटकन माणूस हो वरच खूण करतो.

मारिसेला मात्र मत द्यायलाच येईना. खुर्ची घेऊन टेबलाशेजारी येऊन बसली. मी आणलेले जर्दाळूचे कोलाचे, म्हणजे गोड पाव, तिने खाल्ले, माझ्या झाडाचे अक्रोडासारखे पेकान सोलले, टरफलं मांडीवर गोळा केली. तिला हॉफमनची गोष्ट कुठून तरी कळली होती, बहुधा किराणा दुकानात. दर थोड्या वेळाने तिची नजर त्या हिरव्या नळीवर जायची. नळी गवतातून तिच्या दाराशी गेलेली होती.

दुपारी लॅनी आला. त्याने ब्रिस्केटचं, म्हणजे भाजलेल्या मांसाचं मोठं ताट आणलं होतं, विजयाचं म्हणून. मी त्याला हातानेच थांबवलं आणि झेंडी दाखवली. तो हसला आणि गुमान जाऊन माझ्या पंपाच्या शेडच्या सावलीत उभा राहिला. उन्हं कडक होती. तो माझ्याच नळाला तोंड लावून पाणी प्यायला आणि तिथूनच ओरडून म्हणाला की असं गोड पाणी सॅन अँटोनियोत मिळत नाही. माझ्या ओठांवर आलं ते लिहिण्यासारखं नाही.

शेरिल बाथरूमला गेली तेव्हा मारिसेलाने विचारलंच.

"मिस व्हर्लीन, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

"ते मला विचारू नकोस."

"तुम्ही रागावलात का आमच्यावर?"

"मी इथे अध्यक्ष आहे, पोरी. राग-लोभ घरी ठेवून आलेय."

"घर तर ते काय, समोर दिसतंय," ती म्हणाली.

मला त्या क्षणी तिला सगळं सांगावंसं वाटलं. एरविनने पहिल्या दिवशी पाणी लागलं तेव्हा बुटांसकट त्या चिखलात कशी उडी मारली होती, ते सांगावंसं वाटलं. पण मी अध्यक्ष म्हणून शपथ घेतली होती. मी पेकान फोडत राहिले.

संध्याकाळी डस्टिन कामावरून आला, बायको अजून बसलेलीच बघून चकित झाला. सातला थोडा वेळ उरला तेव्हा मारिसेला उठली. आडोशामागे ती इतका वेळ होती की शेरिलने घड्याळ बघायला सुरुवात केली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. मत टाकून ती सरळ ट्रेलरच्या पायरीवर जाऊन बसली.

सात वाजले. मी केंद्र बंद झाल्याचं मोठ्याने जाहीर केलं, समोर गायी होत्या तरी. पेटी उघडली. लॅनी आता टेबलाजवळ आला होता, हातात ते ताट. मी पहिली मतपत्रिका उलगडली. बाजूने. दुसरी उलगडली. विरुद्ध.

शेरिलने दोन्ही कागद पुन्हा पाहिले, जणू मधे आणखी एखादा चिकटला असेल.

"बरोबरी झाली की ठराव पडतो," मी म्हणाले. आवाज सरळ ठेवायला मला फार कष्ट पडले.

लॅनीने मारिसेलाकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. दोन मतांत गुप्त ते काय राहणार!

"मी हो वर खूण केली," मारिसेला म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती, लॅनीशी नाही. "मला माफ करा, मिस व्हर्लीन. दिवसभर बसले तरी मला नाही जमलं. मला हे दार हवं होतं."

मग सगळ्यांच्या नजरा डस्टिनकडे गेल्या. तो टोपी हातात घेऊन उभा होता, चेहरा पांढराफटक.

"तू?" मारिसेला म्हणाली.

"मला वाटलं, लॅनीसाहेबांचं पण मत असणार," डस्टिन म्हणाला. "एवढी जमीन त्यांची. त्यांची माणसं, त्यांच्या घरचे, सगळे देतील असं वाटलं. ठराव होणारच होता. मिस व्हर्लीनचं पाणी रोज पितोय, तर म्हटलं निदान माझ्या हातून तरी नको. माझ्या एकट्याच्या नाहीने काय बिघडणार होतं?"

"आपण दोघंच आहोत रे!" मारिसेला म्हणाली. "दोघंच! यादीत दुसरं कुणी होतं का?"

त्याने यादी पाहिलीच नव्हती. जमीनमालकाला त्याच्याच जमिनीवर मत नसतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. खरं सांगायचं तर शहाण्या माणसाच्याही येऊ नये.

मला आनंद झाला. लपवत नाही, पोटातून आनंद झाला, आणि समोर त्या पोरीचा चेहरा पाहून त्या आनंदाची तितकीच लाज वाटली.

लॅनी चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने ताट टेबलावर ठेवलं, शेरिलला विचारून पुढच्या निवडणुकीची नोव्हेंबरची तारीख फोनमध्ये टाकली आणि डस्टिनला सांगितलं की महिनाअखेर ट्रेलर रिकामा करावा लागेल. मग माझ्याकडे वळला.

"पाणी पाजून मत घेतलंत, मिस व्हर्लीन."

"मी मत मागितलं नव्हतं," मी म्हणाले. "तू तर घर देऊन मागत होतास."

तो हसला, पण कसंनुसं. ब्रिस्केट तिथेच राहिलं. ते कुणी खाल्लं नाही. शेवटी शेरिल घरी घेऊन गेली.

महिनाअखेर ते दोघं सेगीनला परत गेले, त्याच खोलीत. मी त्यांना माझ्याकडे मागची खोली देते म्हटलं होतं. मारिसेला नको म्हणाली. तिला राग माझा नव्हता. माझ्या दारातून रोज ते पिवळे पडदे दिसले असते, ते तिला नको होतं. जाताना डस्टिनने नळी व्यवस्थित गुंडाळून, पुसून माझ्या कुंपणावर टांगली. बायको त्याच्याशी अजून धड बोलत नव्हती. तरी ट्रकमध्ये बसताना तिने त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली, ते मी पाहिलं.

ऑगस्टमध्ये त्याच ट्रेलरात नवं जोडपं आलं. पडदे निळे झाले. वकिलांचा पुन्हा फोन आला, नोव्हेंबरला अध्यक्ष व्हाल ना? तुमच्यासारखं चोख कुणी नाही, असंही म्हणाले. मी त्यांना नाही म्हणून सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. फोन ठेवल्यावर थोडा वेळ मला घरात काय करावं सुचेना. मग मी पंपाच्या शेडमधून दोन खुर्च्या काढल्या आणि शेडच्या पलीकडे, मे महिन्यातल्या झेंडीचं भोक होतं त्याच्या एक पाऊल बाहेर मांडल्या.

नवी बाई इकडे फिरकेना. लॅनी शिकला होता. ट्रेलरमागे आता एक भलीमोठी काळी टाकी होती आणि टँकर अगदी वेळेवर यायचा. मी दोनदा हात केला. तिने हात केला आणि आत गेली.

सप्टेंबरच्या उन्हात एका शनिवारी टँकर आला नाही. रविवारीही आला नाही. संध्याकाळी ती कुंपणापाशी आली. हातात रिकामी किटली होती. ती नुसती उभी राहिली.

"काय गं?" मी विचारलं.

"तुमच्याकडे पाणी मागायचं नाही असं लॅनीसाहेबांनी सांगितलंय," ती म्हणाली.

"मग मागू नकोस."

मी नळ सोडला आणि नळीचं तोंड कुंपणावरून तिच्या हातात दिलं. किटली भरली, मग तिने ओंजळीने तोंडावर पाणी मारलं, मग पुन्हा ओंजळ भरून ती प्यायली.

"हे पाणी तुझं," मी म्हणाले. "उद्याही घे, परवाही घे. मत कुणालाही दे, पाणी बंद होणार नाही. पण आता मी अध्यक्ष नाही, तेव्हा फाटकातून आत ये आणि बस जरा."

ती आली आणि बसली. मी दुसऱ्या खुर्चीत बसले आणि तिला एरविनच्या बुटांपासून सगळं सांगायला लागले.