खिडकीकडच्या हाताचं पाप

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर सुगंधबाबा लिंबाच्या वासाच्या तेलाची बाटली नाचवत होते.

"यात रसायन नाही, निव्वळ निसर्ग! पुण्यवानाला तेज, पाप्याला डाग!"

म्हणजे गुण आला तर तेल बाबांचं, नाही आला तर पाप तुमचं. सोय चांगली होती.

माझी धाकटी बहीण शाळेची बस चालवते. तिनं रोज सकाळी दोन्ही हातांना हे तेल चोपडलं. डावा हात चकचकीत. उजव्यावर आधी लाल चट्टे, मग काळे डाग. बाबांनी भरसभेत निकाल दिला, "या हातानं पाप केलंय."

झालं! तिच्या सासरी उजव्या हाताची चौकशी बसली.

"वहिनी, माझी कात्री याच हातानं हरवलीस ना?" नणंद म्हणाली.

"आमटी खारट होते ती उगाच नाही," नवऱ्यानं री ओढली.

हसण्यावारी नेलं असतं. पण पालक बिथरले. असल्या हाताच्या बाईकडे मुलं सोपवणार नाही म्हणाले. मुख्याध्यापिकांनी सोमवारी सभा बोलावली, बाबांनाही बोलावणं धाडलं.

"दादा, नोकरी जाणार रे माझी," बहीण रडकुंडीला आली. मी तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"बसमध्ये तुमची खिडकी कुठल्या हाताला?"

"उजव्या. उघडीच असते, वारा येतो."

"आणि ऊन?"

बहीण आपल्या हाताकडे बघतच राहिली.

डॉक्टरीणबाईंनी त्याच तेलाचा एक थेंब स्वतःच्या मनगटाला लावला, एक कोपराला. कोपर काळ्या कापडानं झाकलं आणि गच्चीवर उन्हात जाऊन बसल्या.

सोमवारी त्यांनी पालकांपुढे हात धरला. मनगट लालबुंद, कोपर स्वच्छ.

"माझं मनगट पापी आणि कोपर पुण्यवान, असं कसं हो? लिंबाची साल दाबून काढलेल्या तेलात काही द्रव्यं असतात. ती अंगावर असताना ऊन लागलं की कातडी भाजते. बाबा, तुम्हीही लावा दोन थेंब. चला उन्हात!"

बाबा चाचरले, "आम्ही... सावलीतच साधना करतो."

सभा खो खो हसली. हसता हसता एक आई म्हणाली, "ताई, उद्या बस नेहमीच्याच वेळेला ना?"

"नेहमीच्याच," बहीण म्हणाली. "फक्त लांब बाह्यांत येईन."

मंडळी, खाजकुयलीही शंभर टक्के नैसर्गिक असते. तेव्हा कुठलंही सुगंधी तेल अंगाला लावण्याआधी विचारा: यात काय आहे, किती आहे, उन्हात चालेल का? या प्रश्नांचा ज्याला राग येईल, त्याची बाटली त्यालाच परत करा.