चार कोपरे आत

मी बोलतोय. तोच मी, ज्याने चहा निवेपर्यंत चाळीस इमारती जागच्या जागी बसवल्या. एकही हद्दीबाहेर नाही, लावा पैज. नको, राहू द्या. एक आहे.

मी एक स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेले हुकूम. जमिनीची हद्द द्या, इमारतींचे ठोकळे द्या. मी ते सरकवतो, फिरवतो, आत बसवतो. शिक्षण अर्धवट. बेरीज येते, ‘जर-तर’ येतं, पुढे अंधार.

मला लिहिलं आर्किटेक्ट बाईंनी, दातांत पेन धरून, घाईघाईत. ठोकळा हद्दीत आहे हे ओळखायचं कसं? “चारही कोपरे आत असले की झालं,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मी मान डोलावली. मान नाही मला, पण डोलावली.

पहिल्या कामाची हद्द बाईंच्या वडिलांनी आखली होती. जन्मभर जमिनी मोजलेला माणूस. स्वतःच्या घरातसुद्धा पावलं मोजत फिरतो. त्यांनी एका बाजूची रेघ जिभेसारखी आत वळवून परत बाहेर नेली होती. तिथे जुनी खाण होती, मातीने बुजवलेली. तेवढी जागा हद्दीबाहेर.

सात नंबरचा ठोकळा मी नेमका त्या जिभेवर आडवा टाकला. दोन कोपरे अलीकडे, दोन पलीकडे, पोट खाणीवर. चारही आत, म्हणून हिरवी खूण. नकाशा सुबक दिसावा म्हणून बाईंनी हद्दीची रेघ लपवूनच तो छापला. सुबक दिसला खरा.

इमारत उभी राहिली. सात नंबरमध्ये बाईंची थोरली बहीण राहायला गेली, नवरा आणि दोन लेकरांसकट.

मग फोन यायला लागले. मी टेबलावरच असतो, सगळं ऐकतो.

“अगं, बेडरूमचं दार अडकतंय.”

“सुताराला बोलव ताई. लाकूड फुगतं.”

सुताराने दार तासलं. पंधरवड्याने पुन्हा तासलं. बिचाऱ्याला वाटलं, आपलाच हात बिघडला.

“आता धाकट्याचा चेंडू,” ताई हसत म्हणाली. “कुठेही ठेवा, आपला आपण मधल्या भिंतीकडे जातो. पोरं खूश आहेत.”

बाईही हसल्या. मला हसता आलं नाही. त्या भिंतीखाली काय आहे ते मला ठाऊक आहे. पण कुणी विचारल्याशिवाय सांगायची सोय माझ्यात ठेवलेलीच नाही. एकदा विचारा, बाई: कोपरे राहू द्या, पोट कुठे आहे? आणि माझ्या नकला पुढच्या तीन कामांना जुंपल्यात, त्यांनाही विचारा.

आज सकाळी वडील आले. बाईंनी हौसेने जुनं काम उघडून दाखवलं.

“हद्दीची रेघ दाखव,” ते म्हणाले.

रेघ उमटली. चष्मा पुसून त्यांनी पडद्यावर सात नंबरच्या पोटावर बोट टेकलं आणि तिथेच ठेवलं.

“बाबा, स्क्रिप्टने पास केलं होतं,” बाई हळूच म्हणाल्या.

“मग लाव ताईला फोन आणि हेच सांग. म्हणावं, दुपारी पोरांना घेऊन निवांत झोप.”