चिखलोलीच्या वळणावर

मी चिंतामणी मास्तरांची सायकल बोलतेय. माझं हँडल वाकलंय, पण घंटा अजून खणखणीत आहे.

माझा जन्म साहेबाच्या देशातला. दोन मालक झाल्यावर मी उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंधी दुकानदाराकडे येऊन पडले. "ले जाओ साईं, घोडी है," म्हणत त्याने मला मास्तरांच्या हाती दिलं. मास्तर नुकतेच काशीहून शिकून बदलापूरला परतले होते. माझ्या सीटवर थाप मारून म्हणाले, "आपल्याला इथली माणसं बदलायचीत." मला ते अगदी पटलं.

आम्ही रोज अंबरनाथच्या शाळेत जायचो. वाटेत चिखलोलीजवळ उताराचं एक वळण होतं. पावसाळ्यात तिथली चिकणमाती लोण्यासारखी व्हायची. बाजूला राजाबाईंचं चहाचं खोपट आणि एक लांब बाक. त्या बाकाचा कायदाच होता. जो वळणावर आपटेल, त्याला बाकावर जागा आणि एक चहा फुकट. मग त्याने तिथे बसून पुढच्याची वाट बघायची. उघडीप पडली, की राजाबाई कपबश्या विसळलेलं पाणी मुद्दाम वळणावर फेकायच्या.

श्रावणात आम्हीही आपटलो. माझं हँडल वाकलं, मास्तरांचा गुडघा फुटला. बाक खदखदून हसला.

"या मास्तर, चहा गार होतोय."

"माणूस पडल्यावर हसता? मी मेलो तरी या बाकावर बसणार नाही."

मागून सायकलवरून येणारा मांजर्लीचा धर्मराज तेवढा थांबला. त्याने मास्तरांना उठवलं, धोतराचा चिखल झटकला. "जास्त लागला नाय ना, मास्तर?"

दुसऱ्या दिवसापासून मास्तर माझ्या कॅरिअरवर मुरमाची पाटी बांधून आणू लागले. सकाळी वळणावर मुरूम पसरायचे, संध्याकाळपर्यंत बाकावरचे लोक तो पायाने गटारात लोटायचे. "मास्तर, सत्यनारायण कधी घालताय वळणाचा?" असं विचारायचे. शाळेतली पोरंसुद्धा त्यांना मुरूममास्तर म्हणू लागली. शिक्षकांच्या खोलीत ते आले, की बोलणं थांबायचं. त्यांच्याशी बोलायला कुणी उरलं नाही.

भादव्यात एका संध्याकाळी मास्तरांनी मला खोपटाच्या मेढीला टेकवलं. पाटी रिकामीच होती. ते बाकाच्या टोकाला बसले. राजाबाईंनी कप पुढे केला. शेजारच्याने सरकून जागा दिली, पाठीवर हात ठेवला. मास्तरांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात धर्मराज उतारावरून आला. दुसऱ्या दिवशी तो काड्यापेटीच्या कारखान्यात कामावर लागणार होता. मुकादम आधी हात बघून माणूस घेतो, हे साऱ्यांना ठाऊक होतं. त्याचं चाक घसरलं. तो उजव्या मनगटावर पडला आणि हाड मोडल्याचा आवाज मलाही ऐकू आला.

बाक हसला नाही. सगळे मास्तरांकडे बघत राहिले.

मास्तर हसले. आधी कसेबसे, मग मोकळेपणाने. मग सगळेच हसले.

"मास्तर, हात हालत नाय," धर्मराज म्हणाला.

"ये, बस," मास्तर सरकत म्हणाले. "राजाबाई, याला चहा."

धर्मराजाने डाव्या हाताने कप धरला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी त्याच मेढीला टेकून असते. वाचकहो, चिखलोलीच्या वळणावर आलात, तर खाली उतरा आणि सायकल हातात धरून चाला. बाकावर माझे मालक तुमची वाट बघत असतील.